शिरोलीतनं चाकणला रोज सकाळी सातचा मेल: स्क्रिप्टनं एचटीएमएल मेल कसा पाठवायचा

आत्तेभावाचं, म्हणजे दादाचं, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप आहे. फाउंड्रीतनं कास्टिंग येतं, हे लोक त्याचं टर्निंग-बोरिंग करून चाकण-भोसरीकडं माल पाठवतात. काल किती नग गेले, कुठल्या चलनानं गेले, रिजेक्ट किती परत आलं आणि येणं किती बाकी, एवढं रोज सकाळी प्रत्येक पार्टीला कळवायचं असतं. ऑफिसातली पोरगी एक्सेलमधनं कॉपी करून बारा पार्ट्यांना बारा मेल टाकायची, दीड तास त्यातच जायचा, आणि एखाद्या दिवशी हिचं टेबल त्याला, त्याचं हिला. दादा मला म्हणाला, "तू कॉम्प्युटरचं शिकलायस न्हवं, मग आपोआप जाईल असं कायतरी बसव की." म्हटलं बसवतो, दोन तासाचं काम आहे. ते दोन तास दोन महिने चालले, कारण मेलमधलं एचटीएमएल (टेबल, रंग, मांडणी सांगणारी टॅगची भाषा) हे वेबसाइटवालं एचटीएमएल नव्हेच हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून इथं क्रमानं सांगतो. पायथनचं सांगतोय, बाकी भाषांतही गोष्टी ह्याच. कोड चिकटवत नाही, फंक्शनची नावं बोलतो तशी लिहितोय, स्पेलिंग डॉक्युमेंटेशनमध्ये बघून घ्या.

पहिल्या दिवशी सात पाचला चाकणच्या परचेसमधल्या साहेबांचा फोन. "अहो तुमच्या मेलमध्ये नुसता कोड दिसतोय, व्हायरस-बियरस नाही ना?" म्हणजे मी एचटीएमएल पाठवलं होतं पण ते एचटीएमएल आहे हे मेलला सांगितलंच नव्हतं. ईमेल मुळात साध्या मजकुरासाठी बनलाय, एसएमटीपी, म्हणजे मेल पाठवायचे नियम, १९८२ चे, त्यात नुसती इंग्रजी अक्षरं जातील एवढाच विचार होता. चित्रं, जोडलेल्या फायली, मराठी, एचटीएमएल हे सगळं नंतर माइम नावाच्या नियमांनी आलं, त्याची पहिली आवृत्ती १९९२ ची. त्या नियमात प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर एक पाटी असते, कंटेंट-टाइप म्हणतात. पाटीवर टेक्स्ट/प्लेन असेल तर आतलं जसंच्या तसं अक्षरं म्हणून दिसतं, तुमचे टेबलचे टॅगसुद्धा. टेक्स्ट/एचटीएमएल असेल तरच ते रंगवून दाखवलं जातं. सगळा खेळ ह्या पाटीचा.

पायथनमध्ये हे करायचे दोन रस्ते आहेत. नेटवर जे जुने नमुने सापडतात त्यात माइममल्टीपार्ट, माइमटेक्स्ट असले क्लास असतात. ते चालतात, पण नवीन लिहिताय तर ईमेल पॅकेजमधला ईमेलमेसेज क्लास घ्या, पायथन ३.६ पासून तोच अधिकृत रस्ता आहे. रिकामा मेसेज बनवायचा, सब्जेक्ट, फ्रॉम, टू भरायचं, मग सेट_कंटेंट ला साधा मजकूर द्यायचा, त्यानंतर अ‍ॅड_अल्टरनेटिव्ह ला एचटीएमएल द्यायचं आणि सबटाइप म्हणून एचटीएमएल सांगायचं. बास. पाट्या, मराठी अक्षरांचं एन्कोडिंग, सब्जेक्टमधलं देवनागरी, सगळं तो आपापलं करतो. जुन्या पद्धतीत सब्जेक्टसाठी हेडर नावाचा वेगळा क्लास वापरून युटीएफ-८ (देवनागरीसकट सगळी अक्षरं साठवायची पद्धत) सांगावं लागायचं, विसरलं की कुठंतरी प्रश्नचिन्हांची माळ.

क्रम मात्र हाच. आधी साधा, मग एचटीएमएल. मल्टीपार्ट/अल्टरनेटिव्हचा नियम असा की एकाच गोष्टीची दोन रूपं पाठवायची, साधं वर आणि सगळ्यात भारी रूप शेवटी, आणि मेल वाचणारा प्रोग्रॅम त्याला जमेल तेवढं शेवटचं उचलतो. मी एकदा जुन्या क्लासनं उलटं जोडलं तर निम्म्या पार्ट्यांना साधा मजकूरच दिसायला लागला आणि मी दिवसभर सीएसएस (रंग-मांडणीचे नियम) तपासत बसलोय.

साधा भाग कशाला, सगळ्यांकडं जीमेल आहे की, असं दादापण म्हणाला. पण घड्याळावर, आंधळ्या माणसाच्या स्क्रीन रीडरवर, एचटीएमएल बंद करून ठेवलेल्या कंपनीच्या मेलवर तोच कामाला येतो, शिवाय नुसता एचटीएमएल असलेला मेल स्पॅमच्या चाळणीला जरा जास्त खटकतो. आणि तो "कृपया एचटीएमएल मेल चालू करा" असा एका ओळीचा फालतूपणा नको. त्यात खरा हिशेब लिहा: चलन नंबर, नग, रिजेक्ट, बाकी, एका ओळीत एक. माझ्या स्क्रिप्टमध्ये दोन्ही भाग एकाच डेटातनं बनतात, त्यामुळं एकात एक आकडा आणि दुसऱ्यात दुसरा असं होत नाही.

आता एचटीएमएलचं. इथं वेब डिझाइन येणाऱ्या पोरांचीच जास्त फसगत होते. मी पहिला साचा फ्लेक्सबॉक्स, ग्रिड ह्या वेबच्या मांडणीच्या नव्या पद्धती, वेगळी सीएसएस फाइल, गोल कोपरे, असा झकास केला होता, ब्राउझरमध्ये एक नंबर दिसत होता. साहेबांच्या आउटलुकमध्ये त्याचं पार भजं झालं. कारण विंडोजवरचं क्लासिक आउटलुक २००७ च्या आवृत्तीपासून मेल दाखवायला ब्राउझरचं नव्हे तर वर्डचं इंजिन वापरतं. वर्डमध्ये तुमचा फ्लेक्सबॉक्स कुठनं चालणार. नवीन आउटलुक वेबसारखं दाखवतं, पण कंपन्यांमध्ये जुनंच बसलेलं असतं आणि गिऱ्हाईकाला "अपडेट करा" म्हणून सांगायची आपली पोच नाही.

त्यामुळं पंचवीस वर्षं मागं जायचं. मांडणी टेबलनं. बाहेर एक टेबल शंभर टक्के रुंदीचं, आत मध्यभागी ६०० पिक्सेलचं दुसरं, त्याच्या आत तुमचा मजकूर. बाहेरच्या टेबलांना रोल म्हणून प्रेझेंटेशन लिहा म्हणजे स्क्रीन रीडर त्याला हिशेबाचं टेबल समजून वाचत बसणार नाही. सीएसएस प्रत्येक टॅगवर थेट स्टाइलमध्ये. वर हेडमध्ये स्टाइल ब्लॉक दिला तर जीमेल बऱ्याच वेळा घेतो, पण सगळीकडं भरवसा नाही, आणि बाहेरची सीएसएस फाइल जोडलेली तर बहुतेक जण घेतच नाहीत. अंतर सोडायला मार्जिनऐवजी सेलचं पॅडिंग वापरा. पार्श्वभूमीचा रंग स्टाइलमध्ये द्या आणि जुन्या बीजीकलर अ‍ॅट्रिब्यूटमध्येपण द्या. जावास्क्रिप्टचं नाव काढू नका, ती काढूनच टाकतात, आणि फॉर्मपण घालू नका.

माझ्या टेबलची एक ओळ कशी दिसते ते सांगतो. पहिला सेल चलन नंबर, डावीकडं टेकवलेला, पॅडिंग वर-खाली ८ आणि बाजूला १० पिक्सेल, खाली एक पिक्सेलची फिकट करडी रेघ. दुसरा सेल नग, उजवीकडं टेकवलेला. तिसरा रिजेक्ट, तोही उजवीकडं, शून्यापेक्षा जास्त असेल तर लाल आणि ठळक. चौथा रिमार्क. एवढेच चार. दादाला आठ रकाने पाहिजे होते, हीट नंबर, ड्रॉइंग नंबर, गाडी नंबर, सगळंच. मी त्याला रंकाळ्यावर भेळ खाता खाता त्याच्याच मोबाईलवर आठ रकान्यांचा मेल उघडून दिला, अक्षरं मुंगीएवढी. "हे वाचायला भिंग आणू व्हय?" म्हणाला. चारावर आला. उरलेलं पीडीएफमध्ये जातं. ती अ‍ॅड_अटॅचमेंटनं सगळ्यात शेवटी जोडा, बाहेरचं पुडकं ईमेलमेसेज स्वतःच मिक्स्ड (मजकूर अधिक जोडलेली फाइल) करून घेतो.

रंगाचं आणखी एक. पावसाळ्यात मी मेलच्या डोक्यावर एक पट्टी घालतो, कारण पंचगंगा चढली की शिरोलीजवळ महामार्गाचं काय होतं ते २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत सगळ्यांनी बघितलंय, रस्ता बंद म्हणजे गाडी बंद, आणि चाकणची लाइन आपल्या मालासाठी थांबून राहणार. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. आकडा मी हातानंच एका फाइलीत टाकतो. ३९ च्या खाली असेल तर पट्टीच येत नाही, ३९ ते ४३ मध्ये पिवळी, ४३ झालं की लाल. पण नुसत्या रंगावर सोडायचं नाही. पट्टीत शब्दांत लिहायचं, "पंचगंगा इशारा पातळीच्या वर, आजची गाडी उशिरा पोचू शकते." साध्या भागात रंग नसतो, साहेब लोक मेल काळ्या-पांढऱ्यात प्रिंट मारतात, आणि डार्क मोडमध्ये काही अ‍ॅप रंग परस्पर फिरवतात, पिवळ्यावर काळं म्हणून दिलेलं भलतंच काहीतरी होऊन बसतं.

मराठीच्या अडचणी वेगळ्याच. वेब फॉन्ट जीमेल घेत नाही, त्यामुळं स्वतःचा आवडता फॉन्ट विसरा, समोरच्याच्या मशीनवर जो असेल तो: विंडोजवर निर्मला यूआय नाहीतर मंगल, अँड्रॉइडवर नोटो सॅन्स देवनागरी, आयफोनवर कोहिनूर. फॉन्टच्या यादीत ही नावं ओळीनं देऊन शेवटी सॅन्स-सेरिफ लिहा. लाइन-हाइट १.६ ठेवा, इंग्रजीला १.३ चालतं पण तेवढ्यात आपला रफार वरच्या ओळीतल्या उकाराला जाऊन धडकतो. अक्षर १५-१६ पिक्सेलच्या खाली नको. आणि पार्टीची नावं कुठनं आली तेवढं बघा. आमची निम्मी यादी छापखान्यातल्या श्रीलिपी फॉन्टमध्ये टाइप केलेली होती, ती युनिकोड नाही, फॉन्ट काढला की खाली नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. मेलमध्ये तोच कचरा गेला. अशी यादी कन्व्हर्टरमधनं काढून घ्या आणि नंतर एकदा डोळ्यांनी वाचा, जोडाक्षरं हमखास चुकतात.

देवनागरीचं वजनपण लक्षात ठेवा. युटीएफ-८ मध्ये आपलं एक-एक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे "की" लिहिलं तर सहा बाइट. एरवी काय फरक पडत नाही, पण जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढचं एचटीएमएल कापतो आणि खाली "पूर्ण मेसेज बघा" अशी लिंक टाकतो. रोजचा मेल त्यात आरामात बसतो. महिनाअखेरचं स्टेटमेंट बसलं नाही, चारशे ओळी आणि प्रत्येक सेलवर लांबलचक स्टाइल, शेवटी एकूण बाकीची ओळ होती तीच कापली गेली! पार्टी म्हणते आकडाच नाही तर पैसे कशाचे देऊ. तेव्हापासून एकूण बाकी सगळ्यात वर, आणि मोठं स्टेटमेंट पीडीएफमध्ये.

डेटा भरण्याकडं येतो. साचा एका वेगळ्या फाइलीत ठेवा, कोडच्या पोटात एचटीएमएल लिहू नका. मी सुरुवातीला एफ-स्ट्रिंग (मजकुरात महिरपी कंसातनं किंमत भरायची पायथनची सोय) वापरली, तर सीएसएसचे महिरपी कंस आणि पायथनचे महिरपी कंस एकमेकांच्या उरावर बसले. प्रत्येक कंस डबल करत बसण्यापेक्षा स्ट्रिंग मॉड्यूलमधलं टेम्पलेट घ्या, ते डॉलरच्या चिन्हावर चालतं. ओळी फिरवायच्या असतील, पट्टी अटीवर दाखवायची असेल, तर सरळ जिंजा (साचे भरायचं पायथनचं पॅकेज) बसवा. पण जिंजात ऑटोएस्केप (शब्दांतली टॅगसारखी चिन्हं नुसती अक्षरं म्हणून दाखवणं) मूळचं बंद असतं, एन्व्हायरन्मेंट बनवतानाच ते चालू करा. ते का, तर पार्टीच्या नावात & असतं, आणि आमचा सुपरवायझर रिमार्कमध्ये < चिन्ह टाकून त्याला चिकटून इंग्रजी शब्द लिहितो, ते टॅग समजून पुढचं सगळं गिळलं जातं. एकदा "साइज कमी" असा रिमार्कच गायब झाला आणि रिजेक्टचं कारण न कळवल्याबद्दल आम्ही बोलणी खाल्ली. जिंजा नसेल तर एचटीएमएल मॉड्यूलमधलं एस्केप फंक्शन प्रत्येक बाहेरनं आलेल्या शब्दावर चालवायचं.

एक्सेलमधनं सीएसव्ही युटीएफ-८ म्हणून सेव्ह केली की फाइलीच्या अगदी सुरुवातीला एक न दिसणारं चिन्ह बसतं. पायथन म्हणतो "पार्टी" नावाचा रकानाच नाही, आणि तुम्हाला तर तो समोर दिसतोय. फाइल उघडताना एन्कोडिंग युटीएफ-८-सिग द्या, मिटलं. तसंच सेलमध्ये कुणी ऑल्ट-एंटर मारून दोन ओळी केलेल्या असल्या आणि तो सेल सब्जेक्टमध्ये गेला तर ईमेलमेसेज एरर देऊन थांबतो, हेडरमध्ये नवीन ओळ चालत नाही म्हणून. ही एरर चांगली आहे, दाबू नका, शब्दांतल्या नवीन ओळी काढून टाका.

आणि स्वल्पविराम. पायथनला हजाराचा स्वल्पविराम टाक म्हटलं की तो ४८५००० चं ४८५,००० करतो. आमचे अकाउंटंट काका ते बघून म्हणाले, "हे कुठल्या गावचं गणित?" आपल्याला ४,८५,००० पाहिजे. छोटं फंक्शन लिहा: शेवटचे तीन आकडे बाजूला काढायचे, उरलेल्याचे उजवीकडनं दोन-दोनचे गठ्ठे, स्वल्पविरामानं जोडायचं. सात-आठ ओळीत होतं. लोकेल (देशाप्रमाणं आकडे-तारखा लिहायची सेटिंग) बदलूनही जमतं पण सर्व्हरवर ते लोकेल बसवलेलं असेलच असं नाही.

लोगो लागतोच, दादाला लोगोशिवाय मेल म्हणजे बिनमिठाचा रस्सा. लोगो बेस-६४ करून थेट इमेज टॅगमध्ये कोंबायचा मोह होतो, तो जीमेल दाखवत नाही. एसव्हीजीपण नाही. पीएनजी घ्या, आणि एकतर वेबसाइटवर ठेवून त्याचा पूर्ण पत्ता द्या नाहीतर मेलच्या आत जोडा. आत जोडायला मेक_एमएसजीआयडी नं एक आयडी बनवायचा, एचटीएमएल भागावर अ‍ॅड_रिलेटेड मारून चित्र त्या आयडीनं चिकटवायचं आणि इमेज टॅगमध्ये सीआयडी कोलन आणि तो आयडी लिहायचा. गोम अशी की बनवलेल्या आयडीला दोन्हीकडं < आणि > असतात, चिकटवताना ते पाहिजेत, इमेज टॅगमध्ये लिहिताना काढायचे. ह्या दोन चिन्हांपायी माझी एक अख्खी रविवारची दुपार गेलीय, घरात तांबडा-पांढरा वाढलेला तसाच गार. चित्राला ऑल्ट मजकूर आणि रुंदी द्या, कारण बऱ्याच ऑफिसात चित्रं आधी बंदच असतात. आणि अख्खा मेलच एक चित्र असं करू नका, चित्रं बंद म्हणजे मेल कोरा.

पाठवायचं काम एसएमटीपीलिब करतं. पोर्ट ५८७ घेतला तर आधी साधं कनेक्शन होतं मग स्टार्टटीएलएस मारून ते कुलूपबंद करायचं, ४६५ घेतला तर एसएमटीपी_एसएसएल वापरायचं, तिथं पहिल्यापासनंच कुलूप असतं. २५ च्या नादी लागू नका, बऱ्याच ठिकाणी बाहेर जायला तो बंदच असतो. जीमेलवरनं पाठवत असाल तर रोजचा पासवर्ड चालत नाही, वैयक्तिक खात्यांसाठी ती सोय मे २०२२ अखेर बंद झाली. दोन पायऱ्यांचं व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्ड काढायचा, तो स्क्रिप्टला द्यायचा. ५३५ नंबरची एरर आली की समजायचं पासवर्डचं काहीतरी बिनसलंय. पासवर्ड कोडमध्ये लिहू नका, एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमधनं (कोडच्या बाहेर मशीनवर ठेवलेल्या किमतीतनं) घ्या, नाहीतर कधीतरी कोड गिटवर चढवाल आणि जगजाहीर. साध्या जीमेलला दिवसाला ५०० जणांची मर्यादा आहे, बारा पार्ट्यांना ती आयुष्यभर पुरेल. फ्रॉममध्ये दुसराच पत्ता घातला तर जीमेल तो बदलून स्वतःचा घालतो, म्हणून उत्तरं दादाकडं जावीत यासाठी रिप्लाय-टू वेगळं लिहा.

आता माझी सगळ्यात मोठी चूक, मन लावून वाचा. सुरुवातीला जुन्या माइममल्टीपार्टनं लिहिलं होतं, आणि मेसेज लूपच्या (एकेक पार्टी घेत फिरणाऱ्या चक्राच्या) बाहेर एकदाच बनवला होता, लूपच्या आत फक्त टू बदलत होतो. म्हणजे मला वाटत होतं बदलतोय. जुन्या क्लासमध्ये टू ला नवीन किंमत दिली की जुनी पुसली जात नाही, तिच्या खाली दुसरी ओळ जोडली जाते. पहिल्या पार्टीच्या मेलवर एक पत्ता, दुसरीच्या मेलवर दोन, बाराव्या पार्टीच्या मेलवर बारा! तसंच अटॅच केलेले भागही साठत गेले, म्हणजे बाराव्याच्या मेलच्या पोटात बाकी अकरा जणांचा हिशेब, वर दिसत नसला तरी सोर्स उघडला की हजर. त्या दिवशी नऊ वाजता दादाला एका पार्टीचा फोन, "तुझी सगळी गिऱ्हाईकं आज बसल्या जागी कळली बघ मला." हसत बोलले म्हणून वाचलो. दादा मला काय बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. तर प्रत्येक पार्टीला मेसेज नवीन, लूपच्या आत. ईमेलमेसेज क्लास दुसऱ्यांदा टू दिलं की लगेच एरर देतो, तो वापरायचं हेच एक कारण पुरेसं आहे. आणि पाठवायला सेंड_मेसेज वापरा, तो बीसीसी (गुपचूप प्रत जाणाऱ्यांची) ची ओळ पुढं जाऊ देत नाही.

कनेक्शन मात्र एकच उघडा आणि त्यातनं बाराही पाठवा, दर मेलला लॉगिन करू नका, मध्ये एक-दोन सेकंद थांबा. प्रत्येक मेल ट्राय-एक्सेप्टमध्ये, म्हणजे तिसरा पत्ता चुकीचा निघाला म्हणून उरलेले नऊ अडकणार नाहीत. सर्व्हरचं उत्तर ४ नं सुरू झालं तर अडचण तात्पुरती, अर्ध्या तासानं परत बघा. ५ नं सुरू झालं तर कायमची, पत्ता तपासा, तोच मेल परत परत मारू नका.

चाचणी कशी करायची तर खऱ्या गिऱ्हाईकांवर नाही. आपल्याच मशीनवर खोटा मेल सर्व्हर चालवता येतो, एआयओएसएमटीपीडी नावाचं पॅकेज बसवून चालू केलं की ते ८०२५ पोर्टवर ऐकत बसतं आणि आलेला मेल बाहेर न पाठवता स्क्रीनवर ओतून दाखवतं. पायथनमध्ये पूर्वी एसएमटीपीडी म्हणून आतच होतं, ते ३.१२ मध्ये काढून टाकलं, त्यामुळं जुने लेख बघून ते शोधत बसू नका. मग दुसरी पायरी, स्क्रिप्टमध्ये "खरंच पाठवू" असा एक स्विच, न सांगता चालवली तर तो बंदच, आणि बंद असताना सगळे मेल फक्त माझ्या पत्त्यावर. तिसरी पायरी डोळ्यांची: जीमेल मोबाईलवर, जीमेल कॉम्प्युटरवर, क्लासिक आउटलुक, एक आयफोन, आणि एकदा डार्क मोड. आउटलुक माझ्याकडं नाही, मी एका मित्राच्या ऑफिसात संध्याकाळी जाऊन बघून येतो, चहा माझा.

मग रोज आपोआप चालवणं. शॉपमधला पीसी रात्री बंद करतात, लाइट जाते, त्यामुळं तिथं ठेवून उपयोग नव्हता, भाड्याच्या छोट्या लिनक्स सर्व्हरवर क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी प्रोग्रॅम चालवणारी सोय) स्क्रिप्ट टाकली. सातला म्हणून सात लिहिलं तर मेल दुपारी साडेबाराला! सर्व्हरचं घड्याळ यूटीसी, आपण साडेपाच तास पुढं. मिनिटाच्या खान्यात ३० आणि तासाच्या खान्यात १ टाकलं तेव्हा सातला आला. आमच्या शॉपला सोमवारी सुट्टी, क्रॉनमध्ये रविवार ० आणि सोमवार १, म्हणून वाराच्या खान्यात ०,२-६. पहाटे साडेपाचच्या आधीची वेळ पाहिजे असेल तर वारपण एक मागं जातो हे ध्यानात ठेवा. चाकणच्या एका पार्टीला गुरुवारी सुट्टी असते, ते मी क्रॉनमध्ये न करता यादीतच एक रकाना ठेवून सोडवलं.

क्रॉन तुमच्या टर्मिनलसारखा नसतो. त्याला तुमचा फोल्डर माहीत नाही, तुमचे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल माहीत नाहीत, कुठलं पायथन तेही माहीत नाही. सगळे पत्ते पूर्ण लिहा, पायथनचासुद्धा, साच्याचासुद्धा. ओळीत टक्केचिन्ह असेल तर त्याच्या आधी उलटी तिरपी रेघ द्या, नाहीतर क्रॉन तिथं नवी ओळ समजतो, तारीख घालून लॉगचं नाव बनवताना हमखास फसतं. आणि जे काही छापलं जातं ते एका लॉग फाइलीत वळवा.

स्वतःच्या डोमेनवरनं पाठवत असाल तर डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदींत) एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच तुमच्याकडनं आला हे पटवणाऱ्या नोंदी) लावून घ्या, वर डीमार्क (न पटल्यास काय करायचं ते), नाहीतर मेल स्पॅममध्ये जाऊन पडतो आणि आपण म्हणतो पाठवलाय की. रोज ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांसाठी गूगलनं फेब्रुवारी २०२४ पासून हे तिन्ही आणि जाहिरातीच्या मेलला एका क्लिकमध्ये अनसबस्क्राइब सक्तीचं केलंय. आपण बारावाले, आपल्याला पहिली दोन लावली तरी मोठा फरक पडतो.

शेवटची भर अलीकडचीच. एकदा पाचव्या मेलला सर्व्हर अडकला, मी स्क्रिप्ट परत चालवली, पहिल्या चार पार्ट्यांना तोच मेल दोनदा गेला आणि एकानं विचारलं की माल दोनदा पाठवलाय काय. आता प्रत्येक मेल गेला की तारीख आणि पार्टी एका फाइलीत लिहितो, पाठवायच्या आधी तिथं नाव आहे का बघतो, असेल तर पुढं. आणि सगळं उरकलं की सात वाजून दोन-तीन मिनिटांनी मला आणि दादाला एक मेल येतो, "बारापैकी बारा गेले" नाहीतर "बारापैकी अकरा, हा राहिला." त्या मेलमध्ये लोगो नाही, टेबल नाही, नुसता साधा मजकूर.